बिनमातीची झाडं

“ही झाडं खातात काय?”

दवाखान्याच्या दारात एक म्हातारे गृहस्थ उभे होते. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, डोक्याला टोपी. पायातल्या चपला काढून त्यांनी हातात धरल्या होत्या आणि मान मागं टाकून ते माझ्या खुर्चीवरचं छत बघत होते. खुर्ची रिकामी होती. त्या दिवसांत ती बहुतेक वेळ रिकामीच असायची.

“हवेतलं पाणी घेतात,” मी म्हटलं. “आठवड्यातून एकदा बादलीत बुडवायची, झटकायची, उलटी ठेवून वाळवायची आणि परत टांगायची. माती लागतच नाही.”

“आणि मुळं?”

“असतात थोडी. नुसती धरून राहायला.”

“धरून राहायला,” ते म्हणाले आणि मान आणखी मागं टाकली. “पर हितं तर धरायला काय न्हाईच की.”

“दात दाखवायचेत का?” मी जरा आशेनं विचारलं.

“न्हाई न्हाई. दात झकास हायत. मी झाडं बघाय आलोय.”

आणि चपला हातातच घेऊन ते पायरी उतरून गेले.

ही दोन हजार अकराच्या डिसेंबरातली गोष्ट. मी सत्तावीस वर्षांची होते, नावापुढं डॉक्टर लागून दोन वर्षं झाली होती, आणि इचलकरंजीत, माझ्याच गावात, दातांचा दवाखाना उघडून दहा महिने. रस्त्यापलीकडं यंत्रमागांचं शेड होतं. दिवसभर त्यांचा खडखडाट, आणि हवेत कापूस. खिडकी उघडी राहिली तर संध्याकाळपर्यंत माझ्या हत्यारांच्या ट्रेवर पांढरी साय धरायची.

झाडांचं खूळ माझंच. एकदा रिकाम्या दुपारी मी स्वतः त्या खुर्चीत आडवी झाले आणि माझ्या लक्षात आलं, की तोंड उघडून पडलेल्या माणसाला इथून दोनच गोष्टी दिसतात. एक ट्यूबलाइट आणि दुसरा, छतावरचा ओलीचा डाग. डागाला मगरीचा आकार होता. आधीच घाबरलेल्या माणसाला आपण मगर दाखवतोय, हे काही बरं नव्हे. हॉस्टेलातली माझी मैत्रीण ग्रीष्मा बंगळूरची, तिच्या वडिलांची रोपवाटिका. तिला फोन केला. तिनं चपलांच्या खोक्यातून अकरा एअर प्लांट पाठवले. प्रत्येक वेगळं. एक साळिंदरासारखं, एक कांद्याच्या गड्ड्याला शेपट्या फुटाव्यात तसं, एक नुसतीच राखाडी दाढी, हातभर लांब. मी ती नायलॉनच्या दोऱ्यानं छताच्या हुकांना बांधली. पंखा लावला की हळूहळू फिरायची. मगर झाकली गेली.

माझ्याकडं मदतीला पद्मिनीकाकू होत्या. पन्नाशीच्या, आधी सुताला खळ लावणाऱ्या एका सायझिंगच्या ऑफिसात काम केलेल्या, भेटीच्या वेळा लिहून घ्यायला आणि माझी हत्यारं उकळायला. त्यांना झाडं आवडली नाहीत.

“मॅडम, गल्लीत काय म्हणतात ठाऊक आहे का?” त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं. “म्हणतात, डॉक्टरीणबाईंनी कांदे टांगलेत.”

“म्हणू देत. बघायला तरी येतील.”

“बघायला येतील. तोंड उघडायला कोण येणार?”

बघायला आले ते हेच गृहस्थ. काकूंनी त्यांची माहिती पुरवली. तवनाप्पा मगदूम, मागच्या गल्लीत राहतात, सगळे अण्णा म्हणतात. चाळीस वर्षं जॉबर होते, म्हणजे बंद पडलेला माग चालू करून देणारा माणूस. बायको गेल्याला सहा वर्षं झाली. मुलगा सुरतेला, घरी सून आणि ते.

दुसऱ्या दिवशी अण्णा परत आले. तिसऱ्या दिवशीही. साधारण अकराची वेळ. दारात उभं राहायचं, छताकडं बघायचं, एखादा प्रश्न विचारायचा. मग काकू त्यांच्यासाठी स्टूल ठेवू लागल्या, मग चहाही येऊ लागला. चहा ते बशीत ओतून ठेवून द्यायचे. वर साय येईपर्यंत थांबायचे आणि मग प्यायचे. कापूस बसून पानं गुदमरतात हे त्यांनीच मला दाखवलं आणि घरून दाढीचा जुना मऊ ब्रश आणला. स्टुलावर चढून एकेक पान झाडायचे.

“अण्णा, एवढं येता रोज, एकदा दात तरी बघू द्या,” मी म्हणायचे.

“माझ्या दातास्नी काय धाड भरलीया?” ते म्हणायचे. खिशातून तंबाखूची डबी काढायचे, मग माझ्याकडं बघून परत ठेवायचे. “तुमी झाडं बगा.”

जानेवारीत तो वकिलांचा प्रकार झाला. नरंदे वकील, गावात मान असलेले. मोठ्या मिनतवारीनं दाढ भरायला आले होते. मी ड्रिल चालू केलं, आणि वरून नायलॉनची गाठ सुटून ती हातभर लांब राखाडी दाढी थेट त्यांच्या छातीवर पडली. वकिलांचं तोंड उघडं, त्यात माझी दोन हत्यारं, त्यामुळं त्यांना ओरडता येईना. त्यांनी नुसते दोन्ही पाय वर केले. त्यांना वाटलं पाल. काकू हसू आवरायला आतल्या खोलीत गेल्या त्या बराच वेळ आल्या नाहीत. अण्णा दाराशी स्टुलावर बसले होते. ते हसले नाहीत. ते सुटलेल्या गाठीकडं बघत होते.

“नायलॉनवर गाठ बसत न्हाई,” वकील गेल्यावर ते म्हणाले. “सरकती. उद्या बगतो मी.”

दुसऱ्या दिवशी पक्कड आणि तारेचं भेंडोळं घेऊन आले. जळक्या मोटारीच्या वाइंडिंगची तांब्याची तार. वरचा लाखेचा थर त्यांनी रात्रभर काचकागदानं घासून काढला होता, त्यामुळं ती नवीन बांगडीसारखी चमकत होती. दोन दिवस ते काम करत होते. प्रत्येक झाडाच्या बुंध्याभोवती वेटोळं, त्याला वर झुला, झुल्याला हूक. कुठलंही झाड हलवून सोडलं की डोलायचं आणि बरोबर जागेवर येऊन थांबायचं. आठ झाडं झाली आणि तार संपली. खिडकीजवळची तीन तशीच दोऱ्यावर राहिली.

“ऱ्हाऊ दे,” अण्णा म्हणाले. “तार मिळाली की करतो.”

खरं सांगते, ते फार सुंदर दिसत होतं. सकाळी पडद्यातून उजेड आला की सगळ्या छतावर तांब्याच्या रेघा उमटायच्या. गल्लीतली माणसं बघायला येऊ लागली, आणि त्यातल्या काहींना दातही दुखत होते. फेब्रुवारीत एका आठवड्यात मी सलग चार दाढा काढल्या. अण्णा अशा वेळी दाराशी असे बसायचे, की जणू दवाखाना त्यांचाच.

पण चार दाढांवर दवाखाना चालत नाही. पुण्याला माझ्या दादाचा दवाखाना होता, तीन खुर्च्यांचा, तोही दातांचाच. त्यातली एक माझ्यासाठी रिकामी ठेवतो, असं तो दिवाळीपासून म्हणत होता. मी त्याला मार्चअखेर सांगते म्हटलं होतं. मनातून माझं ठरत आलं होतं. हे मी काकूंना सांगितलं नव्हतं. अण्णांना सांगायचा प्रश्नच नव्हता.

फेब्रुवारी संपताना झाडं बिघडली. आधी टोकं तपकिरी झाली. मी पाणी वाढवलं. मग पाणी कमी केलं. मग साळिंदरासारख्या झाडाचं एक पान सहज ओढलं तर ते मुळापासून हातात आलं, आणि आतला बुंधा काळा, पिचपिचीत. तारेवरची बाकीची सातही एकेक करून तशीच निघाली. खिडकीजवळची तीन मात्र हिरवीगार होती, एकाला तर पिल्लू फुटलं होतं.

मी ग्रीष्माला फोन लावला. सगळं ऐकून तिनं एकच प्रश्न विचारला, टांगलीस कशानं.

“तांब्याच्या तारेनं,” मी म्हटलं.

ती पलीकडून बोलत राहिली. मी ऐकत होते आणि ऐकता ऐकता मोठ्यानं म्हणत होते, “तांबं विष आहे त्यांना? म्हणजे तारेनंच मेली? पाण्याबरोबर आत गेलं? असं कसं गं, मला आधी सांगायचंस.”

फोन ठेवला आणि वळले. अण्णा दारात उभे होते. किती वेळ उभे होते ठाऊक नाही. त्यांनी आत पाऊल टाकलं, हात वर करून एका रिकाम्या झुल्याला धक्का दिला. तो डोलला आणि बरोबर जागेवर येऊन थांबला. मग ते पायरीवर गेले, चपला घातल्या आणि निघून गेले.

“अण्णा,” मी हाक मारली. त्यांनी वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी अकराला काकूंनी स्टूल ठेवलं. चहा आला, बशी भरली, तशीच राहिली. असे आठ दिवस गेले. मग काकू स्टूल ठेवेनाशा झाल्या. मी रिकामे झुले काढून एका डब्यात घातले. मगर पुन्हा दिसायला लागली. दादाचा फोन आला, मी म्हटलं, येते बहुतेक, एक तारखेपासून. तो खूश झाला. मला खूश व्हायला जमलं नाही, पण हुश्श झालं, हेही खरं.

बाराव्या दिवशी काकू बाजारातून आल्या त्या गंभीर.

“अण्णांची सून भेटली होती, उज्ज्वला. म्हणाली, मामा बोलत नाहीत. जेवत नाहीत धड. झाडं मेली म्हणून एवढं कोण लावून घेतं, मॅडम?”

तो शनिवार होता. रविवारी दवाखाना बंद असतो. सकाळी दहाला मी त्यांच्या घरी गेले.

दोन खोल्यांचं घर, दारात तुळस, भिंतीला टेकून सायकल. अण्णा खाटेवर बसले होते. दहा-बारा दिवसांत गालफडं आत गेली होती.

“मामा, डॉक्टर आल्यात,” उज्ज्वलानं सांगितलं. ते उठायला लागले, मी बसवलं.

“यायचं का बंद केलंत?” मी विचारलं.

“आठ झाडं मारली मी.”

“तुम्ही नाही मारली. झाडं माझी होती. त्यांना काय चालतं, काय नाही, हे मी विचारून घ्यायला हवं होतं. एक फोन लावायचा होता, तो मी महिनाभर उशिरा लावला.”

“तार माझी हुती.”

“हूक माझे होते. छत माझं होतं. दादा, म्हणजे माझा भाऊ, नेहमी सांगतो, आधी विचारावं. मला कळत नाही.” मी इकडचं तिकडचं बोलत होते, कारण मला माफी मागायची होती आणि ती नीट येत नव्हती. “ती तीन जगलीत. एकाला पिल्लू आलंय. बघायला या.”

उज्ज्वलानं चहा आणला, बरोबर बशीत शेव. माझ्या कपातून वाफा येत होत्या. अण्णांचा चहा पितळी भांड्यात होता, आणि त्यातून वाफ येत नव्हती.

“गार करूनच द्यावा लागतो,” उज्ज्वला म्हणाली. “आणि आता तर आमटीसुद्धा बिनतिखटाची. भाकरी दुधात कुस्करून. मिरचीचा ठेचा नसला तर ताटाला हात न लावणारा माणूस, डॉक्टर. म्हणतात, तिखट लागतंय.”

“वय झालं,” अण्णा म्हणाले.

मी कप खाली ठेवला. अडीच महिने हा माणूस माझ्यासमोर बशीतल्या चहावर साय यायची वाट बघत होता. मी रोज बघत होते, आणि मला वाटत होतं, सवय असेल. लोकांच्या तोंडात बघणं हे माझं काम, आणि मी त्याच्याबरोबर बसून झाडं बघत होते.

“अण्णा,” मी म्हटलं, “तोंड उघडा.”

त्यांनी सुनेकडं पाहिलं, मग माझ्याकडं. “हितं नगं. उद्या येतो.”

“उद्या नाही. आत्ता. माझ्या गाडीवरून चला.”

ते वाद घालतील असं वाटलं होतं. पण त्यांनी टोपी घातली. उज्ज्वलानं त्यांच्या चपला पुढं सरकवल्या. माझ्या स्कूटीवर मागं अण्णा ताठ बसले, दोन्ही हात मांडीवर. गल्लीतून जाताना दोघा-तिघांनी हाका मारल्या, त्यांना त्यांनी नुसती मान हलवली.

शटर मीच वर केलं. आत कापूस आणि औषधांचा वास. अण्णा पहिल्यांदाच पेशंट म्हणून खुर्चीत बसले. मी खुर्ची मागं झुकवली. टोपी काढून त्यांनी छातीवर ठेवली.

“हितनं येगळंच दिसतंय,” ते म्हणाले. मी ती तीन झाडं मधल्या हुकांवर आणली होती. “ती मधली जगंल काय?”

“जगेल.”

“पिल्लू कंचं?”

मी दाखवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग डोळे न मिटता तोंड उघडलं. जेमतेम दोन बोटं जातील एवढंच उघडलं.

डाव्या गालाच्या आत सगळं अस्तर पांढरं, चामड्यासारखं घट्ट झालं होतं, आणि मागच्या दाढेजवळ चिंचोक्याएवढी जखम. मी बोट लावलं. कडा कडक होत्या. असलं मी कॉलेजात फोटोंमध्ये पाहिलं होतं आणि एकदा वॉर्डात सरांच्या खांद्याआडून. 

मी आरसा ट्रेवर ठेवला, हातमोजे काढले.

“काय हाय?” त्यांनी विचारलं.

“नुसतं बघून मला सांगता येणार नाही. तुकडा काढून तपासायला लागेल. मिरजेला. मी येते बरोबर.” मग मला वाटलं, एवढं सांगणं म्हणजे न सांगण्यासारखंच. “अण्णा, मला भीती वाटतेय.”

“मला बी,” ते म्हणाले.

बाहेर माग चालू होते. अण्णा झाडांकडंच बघत होते.

“दिवाळीपासनं हाय ते,” ते म्हणाले. “आदी बारका फोड हुता. माजा थोरला भाऊ ह्यानंच गेला. त्याचं बी असंच, हितंच. म्हाईत हुतं मला.”

“दिवाळीपासून? आणि तुम्ही डिसेंबरपासून रोज माझ्या दारात येत होता.”

“दाखवायलाच येत हुतो की.” त्यांनी टोपीची घडी मोडली, परत घातली. “पयल्या दिशी चपला काडल्या आनि वर बगितलं, तर ही झाडं. म्हटलं, हे बरं झालं. झाडास्नी इचारू. मग रोज घरातनं निगायचं ते ठरवूनच, की आज खुर्चीत बसायचं. दारात आलं की झाडांचं इचारायचं. आनि मग उद्या. तुमी इचारलं की दात दाखवा, तवा तर लई वेळा जिबंवर आलं हुतं.”

मी ट्रेवरचा आरसा पुसत राहिले. त्यांनीच पुढं म्हटलं, “झाडं मेली तवा वाटलं, आता जायचं निमित्त बी ग्येलं. निमित्ताबगर कसं यायचं?”

मी खुर्ची सरळ केली आणि त्यांना पाणी दिलं, साधं, माठातलं. ते त्यांनी सगळं प्यायलं. मग मी आतल्या खोलीत जाऊन नळ सोडला आणि तिथं दोन मिनिटं उभी राहिले.

सोमवारी आम्ही मिरजेला गेलो, अण्णा, उज्ज्वला आणि मी. तुकडा काढला. आठ दिवसांनी कागद आला, आणि त्यात जे असणार होतं तेच होतं. मुलगा सुरतेहून आला. ऑपरेशन झालं, गालाचा आतला भाग काढून मांडीची कातडी लावली, मानेतल्या गाठी काढल्या. गाठींत काही सापडलं नाही. मिरजेचे डॉक्टर मला बाहेर व्हरांड्यात म्हणाले, “वेळेत आणलंत तुम्ही. अजून दोन-तीन महिने गेले असते, तर…” आणि ते पुढच्या पेशंटकडं गेले. वेळेत हा शब्द मला पचायला जड गेला. अजूनही जातो. मी अडीच महिने उशिरा आणलं होतं.

पण आणलं होतं.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी वॉर्डात अण्णांच्या नाकात नळी, तोंडाला पट्टी. बोलायला मनाई. त्यांनी खुणेनं कागद-पेन्सिल मागितली. मला वाटलं, काहीतरी मोठं लिहिणार. त्यांनी लिहिलं, “रविवारी पाणी कोण घालणार?”

“काकू,” मी म्हटलं.

त्यांनी लिहिलं, “झटकायला सांगा.”

पद्मिनीकाकू झटकत होत्याच. त्यांनी त्या तीन झाडांना नावंही ठेवली होती, पण ती त्या मला सांगत नव्हत्या.

मार्चच्या शेवटच्या दिवशी दादाचा फोन आला. मी मिरजेच्या बसमध्ये होते, उभी, एका हातात उज्ज्वलानं दिलेला पातळ पेजेचा डबा.

“उद्या येतेयस ना गं?” त्यानं विचारलं. “खुर्ची पुसून ठेवलीय.”

“उद्या नाही जमणार. उद्या अण्णांचे टाके बघायचेत.”

“बरं, परवा?”

“परवा नळी काढतायत.”

“मग कधी?”

कंडक्टर पुढं सरका म्हणत होता. मी म्हटलं, “दादा, तू त्या खुर्चीवर दुसरं कुणाला तरी बसव.”

त्यानं पलीकडं कुणाला तरी थांबायला सांगितलं. मग म्हणाला, “अण्णा कोण?”

“पेशंट आहेत माझे,” मी म्हटलं. आणि हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा असं, सहज म्हटलं.

अण्णा मे महिन्यात परत आले. डावा गाल ओढल्यासारखा, बोलणं थोडं घोगरं. तंबाखू गेली, डबी सुनेनं चुलीत टाकली होती. तोंड मात्र आणखी आखडलं होतं. ऑपरेशन आणि त्यानंतरचे किरणांचे शेक यांनी तसं होतं. ते उघडायला व्यायाम असतो. आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक ठेवायच्या, दातांत धरायच्या, आणि दर थोड्या दिवसांनी एक काडी वाढवायची. घरी एकटं बसून करायचा कंटाळा येतो म्हणून ते माझ्याकडं येऊन करायचे. स्टूल आता दाराशी नव्हतं, आत बाकावर, बसलेल्या पेशंटच्या रांगेत त्यांची जागा होती. सुरुवात आठ काड्यांनी झाली. दिवाळीला एकोणीस झाल्या. विसाव्या काडीला पद्मिनीकाकूंनी पेढे आणले, आणि अण्णांनी त्यातला एक सगळ्यांसमोर, न कुस्करता खाल्ला.

पुढं अण्णा तेरा वर्षं जगले. गेल्या माघात गेले, दुपारी झोपेत, ऐंशी पूर्ण करून. माझ्या दवाखान्यात आता दोन खुर्च्या आहेत.

त्या उन्हाळ्यातला बाकावरचा देखावा मला फार आठवतो. शेजारी मागावरची माणसं बसलेली असायची. कुणाची दाढ ठणकतेय, कुणी बायकोला घेऊन आलाय. कुणाच्या तरी ओठाखाली हमखास तंबाखूचा फुगवटा. ते अण्णांच्या त्या ओढलेल्या गालाकडं आणि दातांतल्या काड्यांच्या चवडीकडं बघत राहायचे. मग एखादा हळूच विचारायचा, “अण्णा, कशानं झालं हो? आनि कळलं कसं?”

तोंडात काड्या असल्यामुळं अण्णांना बोलता यायचं नाही. ते त्या माणसाच्या ओठाला बोट लावायचे, आणि मग तेच बोट माझ्या खोलीच्या दाराकडं करायचे. माणूस उठून आत जाईपर्यंत ते बोट खाली येत नसे.